विश्लेषण : पडद्यावरची हिंसा, अश्लीलता आणि मुले... नागपूर खंडपीठात पोहोचलेल्या प्रश्नाचे पुढे काय झाले?

वेब सिरीजमधील अश्लील आणि हिंसक दृश्यांना कोणाचाच चाप नाही, अशी तक्रार घेऊन २०१८ मध्ये नागपुरातून एक जनहित याचिका दाखल झाली होती. त्यानंतर नियम आले, वयोगट ठरले, काही अ‍ॅप बंदही झाली. तरीही घरोघरी पालकांची चिंता कमी झालेली नाही. अशा दृश्यांचा समाजावर खरोखर काय परिणाम होतो आणि कायदा नेमका कुठे कमी पडतो, याविषयी...

नागपूरच्या याचिकेत काय होते?

नागपुरातील एका वकील महिलेने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात ही याचिका दाखल केली. चित्रपटगृहात लागणाऱ्या सिनेमाला १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र लागते. टीव्ही वाहिन्यांसाठी १९९५ चा केबल टीव्ही कायदा आहे. मोबाइलवर दिसणाऱ्या वेब सिरीजला मात्र प्रदर्शनापूर्वी कोणीच तपासत नाही, हा याचिकेचा मुख्य मुद्दा होता. तपासणीसाठी यंत्रणा असावी, अशी मागणी त्यात होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये खंडपीठाने केंद्र सरकारला नोटीस बजावली. अशाच स्वरूपाची दुसरी याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये फेटाळली. ऑनलाइन मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यातील तरतुदी उपलब्ध आहेत, असे त्या वेळी सांगण्यात आले.

मग नियम कधी आले?

नोव्हेंबर २०२० मध्ये ओटीटी मंच माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या कक्षेत आले आणि २५ फेब्रुवारी २०२१ रोजी नवे माहिती तंत्रज्ञान नियम जाहीर झाले. प्रदर्शनापूर्वी तपासणीची मागणी त्यात मान्य झाली नाही. त्याऐवजी ‘यू’, ‘यू/ए ७+’, ‘यू/ए १३+’, ‘यू/ए १६+’ आणि ‘ए’ असे पाच वयोगट ठरले. १३+ आणि त्यावरील मजकुरासाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय आणि ‘ए’ गटासाठी वयाची खातरजमा बंधनकारक झाली. तक्रारींसाठी तीन पायऱ्या ठरल्या : आधी कंपनीचा तक्रार अधिकारी, मग कंपन्यांची स्वनियामक संस्था आणि शेवटी सरकारची देखरेख.

या नियमांवर आक्षेपही आले. ‘द लिफलेट’ आणि ज्येष्ठ पत्रकार निखिल वागळे यांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी आचारसंहितेची सक्ती आणि त्रिस्तरीय यंत्रणा यांच्याशी संबंधित उपनियमांना अंतरिम स्थगिती दिली. मुलांच्या संरक्षणासाठी आणलेल्या नियमांतून सरकारला बातम्या आणि मतांवरही अंकुश मिळेल, ही भीती त्यामागे होती.

हिंसक दृश्ये पाहून माणूस हिंसक होतो का?

संशोधकांतच याबाबत मतभेद आहेत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांचा बाहुलीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. १९६१ मध्ये मोठ्या माणसाला बाहुली बदडताना पाहिलेल्या लहान मुलांनी तसेच अनुकरण केले. १९६३ मध्ये हेच दृश्य फिल्मवर दाखवले, तेव्हाही मुलांनी नक्कल केली. मात्र प्रयोगशाळेत बाहुलीला मारणे आणि रस्त्यावर माणसाला मारणे यांत मोठे अंतर आहे.

शिकागो परिसरातील ५५७ मुलांचा अभ्यास १९७७ मध्ये सुरू झाला. त्यांपैकी ३२९ जणांशी संशोधकांनी १५ वर्षांनंतर पुन्हा संपर्क साधला. लहानपणी टीव्हीवर अधिक हिंसा पाहिलेल्यांमध्ये मोठेपणी आक्रमकता अधिक आढळली. घरची आर्थिक स्थिती आणि पालकांची वागणूक लक्षात घेऊनही हा संबंध टिकला. दुसरीकडे, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधील १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांची पाहणी होती. हिंसक व्हिडीओ गेम आणि आक्रमक वागणूक यांचा संबंध त्यात दिसला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननेही २०२० मध्ये स्पष्ट केले, की गेममुळे प्रत्यक्ष हिंसक गुन्हे घडतात असे म्हणण्याइतका पुरावा नाही.

म्हणजे दृश्य हे अनेक कारणांपैकी एक असू शकते. घरातली मारहाण, व्यसन, शाळा सुटणे, टोळीची संगत ही कारणे बाजूला ठेवून सगळा दोष मोबाइलवर टाकणे सोपे असते, पण बरोबर नसते.

परिणाम नेहमी वाईटच असतो का?

तसे नाही. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी ग्रामीण भारतात केबल टीव्ही पोहोचल्यावर काय बदलले, याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. केबल आलेल्या गावांत नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे, असे मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले. मुलगाच हवा, हा आग्रहही कमी झाला. पडद्यामुळे माणसाच्या कल्पना बदलतात हे यातून दिसते. त्या कोणत्या दिशेने बदलतात, हे काय आणि कसे दाखवले यावर ठरते.

नागपूरकरांसाठी याचे उदाहरण घरचेच आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबानगरमधील महिलांनी वर्षानुवर्षे दहशत माजवणाऱ्या अक्कू यादवला जिल्हा न्यायालयातच ठार केल्याची घटना देशभर गाजली. पुढे आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली. या घटनेवर आधारित ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपट २०२१ मध्ये ओटीटीवर आला. २०२२ मध्ये उमेश कुलकर्णी दिग्दर्शित माहितीपट मालिका नेटफ्लिक्सवर आली. विषय बलात्काराचा आणि रक्तपाताचाच आहे. पण तक्रार करूनही वस्तीला दाद का मिळाली नाही, हा प्रश्न त्यातून देशभर पोहोचला. हिंसा दिसली म्हणून बंदी, असा नियम केला तर असे विषयही त्यात अडकतील.

मग खरा धोका कशात?

मोबाइलच्या रचनेत. सिनेमागृहात दारावर प्रमाणपत्र पाहिले जाते. मोबाइलवर पुढचा व्हिडीओ कोणता, हे शिफारस करणारी संगणकीय प्रणाली ठरवते. प्रेक्षक कोणत्या व्हिडीओवर किती सेकंद थांबला, काय पुन्हा पाहिले, याची ती नोंद घेते. तो आवडीने थांबला की धक्का बसून, हे तिला नीटसे कळत नाही. मारामारीचा एक रील पूर्ण पाहिला की तसेच आणखी चार येतात. त्यात अनेक घरांत मोबाइल एकच असतो. मोठ्यांनी रात्री काय पाहिले, त्यावरून सकाळी मुलाच्या हातातल्या त्याच मोबाइलवर शिफारशी येतात. वयोगटाची पाटी अशा वेळी निरुपयोगी ठरते.

अश्लील चित्रफितींचा प्रश्न याहून गंभीर आहे. इंग्लंडच्या बाल आयुक्तांच्या २०२३ च्या अहवालानुसार तेथील मुले सरासरी १३ व्या वर्षी अशी दृश्ये पहिल्यांदा पाहतात. घरात, शाळेत या विषयावर कोणी बोलत नसेल, तर जबरदस्ती, अपमान आणि मारहाण दाखवणारी चित्रफीतच मुलाची शिक्षक होते. संमती म्हणजे काय, हे त्यात कुठेच नसते.

कायदा आज काय सांगतो?

शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ‘कॉलेज रोमान्स’ या वेब सिरीजच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्याच महिन्यात केंद्राने अश्लील मजकुरासाठी १८ ओटीटी मंच बंद केले. त्यांपैकी एकाचे डाउनलोड एक कोटीहून अधिक होते. जुलै २०२५ मध्ये आणखी २५ अ‍ॅप आणि संकेतस्थळांवर कारवाई झाली. मात्र एक अ‍ॅप बंद झाले, की दुसऱ्या नावाने येणे कठीण नसते.

लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींबाबत मात्र कायद्यात सवलत नाही. अशी चित्रफीत पाठवणेच नव्हे, हेतुपुरस्सर जवळ बाळगणेही ‘पोक्सो’खाली गुन्हा ठरू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी दिला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘जनजागृतीसाठी’ म्हणून असा व्हिडीओ पुढे पाठवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवे.

पालकांनी काय करावे?

ओटीटीवर मुलांसाठी स्वतंत्र प्रोफाइल करून मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावावा. मोबाइल सामायिक असेल तर पाहण्याचा इतिहास पुसावा आणि आपोआप पुढचा व्हिडीओ सुरू होण्याची सोय बंद ठेवावी. आक्षेपार्ह मजकुराची तक्रार आधी संबंधित मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे करता येते. ऑनलाइन छळ किंवा धमकी असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. मूल संकटात असेल तर १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर मदत मिळते.

पिन मात्र मुले शोधून काढतातच. नको ते दिसले, तर मार बसेल की कोणी ऐकून घेईल, हे मुलाला आधी माहीत असायला हवे. मार बसणार असेल तर ते सांगणार नाही आणि पुढच्या वेळी एकटेच पाहील. २०१८ मध्ये खंडपीठासमोर गेलेल्या प्रश्नाचा हा भाग कोणत्याच नियमात बसत नाही, तो घरातच सोडवावा लागतो.