भिंतीलाही पाय असतात

आम्ही मूळचे बिदरचे, जांभ्यावर वाढलेली माणसं. आपल्या किल्ल्याचा तिहेरी खंदक कुणी पाहिलेला नाही? पंधराव्या शतकात बहमनी कारागिरांनी तो जांभ्याच्या खडकात कोरला आणि मधल्या खडकाच्या भिंती तशाच उभ्या ठेवल्या. त्या अजून उभ्या आहेत. त्यामुळे 'सरळ उभं खोदलं तरी काही होत नाही' हे आमच्या मनात पक्कं बसलेलं.

माझी सासुरवाडी कलबुर्गीची. गेल्या वर्षी तिथं तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर घर बांधायला काढलं. शेजारच्या अक्कांचं अंगण आमच्याहून पाच-सहा फूट उंच. ती माती अडवणारी जुनी दगडी भिंत अगदी आमच्या हद्दीला लागून. पावसाळा तोंडावर आलेला. मीच घाई केली, "जेसीबी लावा, एका दिवसात उरका." सकाळी भिंतीलगत चार फूट खोल चर निघाला. दुपारी अक्कांच्या अंगणात, भिंतीला समांतर, बोटभर भेग दिसली. तिथं त्यांची नातवंडं खेळत होती आणि खाली चरात दोन मजूर होते.

मेस्त्रींनी ओरडून मजुरांना वर घेतलं, मुलांना घरात पाठवलं आणि उकरलेली माती यंत्रानंच पुन्हा भिंतीच्या पायाशी टाकायला लावली. मग मला म्हणाले, "सर, गोडिगू काल इरताव री." भिंतीलाही पाय असतात!

इंजिनिअरनी नंतर समजावलं. मागच्या मातीचा रेटा भिंतीला सतत पुढं ढकलत असतो. आपल्या बाजूची, पायाशी असलेली माती तिला रोखून धरते. ती काढली की भिंत सरकते किंवा कलते. त्यात इथली माती काळी, सासूबाईंच्या भाषेत 'एरी मण्णू'. पाण्यानं फुगते, उन्हात आकसून भेगाळते. भेगांत पाणी शिरलं की दाब आणखी वाढतो. जांभ्याचा न्याय तिला लावून चालत नाही.

मग काम हातानं सुरू झालं. एका वेळी चार फुटांचाच तुकडा खोदायचा, टेकू द्यायचे, काँक्रीट भरायचं. ते पक्कं झाल्यावर मधली जागा सोडून पुढचा तुकडा. माती काठावर न साठवता लगेच बाहेर. भिंतीतली बुजलेली पाण्याची भोकंही मोकळी केली. एका दिवसाचं काम तीन आठवडे चाललं. खर्च वाढला, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही.

कारण पुण्याचं कोंढवा आठवत होतं. 29 जून 2019 रोजी, ऐन पावसात, मध्यरात्रीनंतर बांधकामाशेजारच्या सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. 15 जण गेले, त्यात चार लहान मुलं.

दीड मीटरपेक्षा खोल चराला आधार द्यावा, असं आयएस 3764 हे भारतीय मानक सांगतं. पण वाचकहो, त्याही आधी शेजारच्या दारात जाऊन या. मराठीत विचारा की कन्नडमध्ये, पण भिंत किती जुनी आहे, तिचा पाया किती खोल आहे, हे विचारल्याशिवाय कुदळ मारू नका.