प्लिमथ नॉचचा काटकसरी राष्ट्राध्यक्ष

प्लिमथ नॉच (व्हरमाँट), ४ जुलै

अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी जन्मलेला राष्ट्राध्यक्ष आजवर एकच, कॅल्व्हिन कूलिज. म्हणून दर ४ जुलैला या डोंगरातल्या खेड्यात मिरवणूक निघते. पुढे नॅशनल गार्डचे जवान, त्यांच्याकडे व्हाइट हाउसचं पुष्पचक्र, मागे गावकरी आणि पाहुणे. चढावरच्या दफनभूमीत कूलिज घराण्याच्या रांगेत ग्रॅनाइटचा एक साधा दगड आहे. नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि राष्ट्राध्यक्षांची मुद्रा, बस्स. पुतळ्याच्या उंचीवरून थोरवी मोजणाऱ्या आपल्या डोळ्यांना हे अपुरंच वाटतं.

कमी कर आणि आटोपशीर सरकार हवं असणाऱ्यांचं हे देवस्थान. १९८१ मध्ये रेगन यांनी कूलिज यांची तसबीर मंत्रिमंडळाच्या दालनात लावली आणि विस्मरणात गेलेल्या या माणसाचा भाव वधारला. भक्तांकडे आकडेही आहेत. १९२३ ते १९२९ या कारकिर्दीत सरकारी कर्ज २,२३० कोटी डॉलरवरून १,६९० कोटींवर आलं. महायुद्धात ७० टक्क्यांपलीकडे गेलेला प्राप्तिकराचा वरचा दर १९२६ च्या कायद्याने २५ वर आणला. उद्योग तेजीत होते, मोटारी आणि रेडिओ घरोघर पोचत होते. अंदाजपत्रक खात्याचे प्रमुख जनरल लॉर्ड यांना हाताशी धरून कूलिज पै-पैचा हिशेब बघत. लॉर्ड यांचा खाक्या असा, की कारकुनाला एका वेळी एकच पेन्सिल. थोटूक परत केलं तरच नवी.

पण हात आखडता घेण्याचीही किंमत असते. शेतमालाला आधार देणारं विधेयक संसदेने दोनदा मंजूर केलं, कूलिज यांनी दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. आपल्याकडच्या हमीभावाच्या वादात वाढलेल्या वाचकाला त्या शेतकऱ्यांचा संताप समजावून सांगायला नको. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरात लाखो लोक बेघर झाले. कूलिज यांनी मंत्री हूव्हर यांना धाडलं, स्वतः फिरकले नाहीत. मार्च १९२९ मध्ये ते पायउतार झाले आणि ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. हिशेबनीस म्हणून माणूस अव्वल. संकटातला राज्यकर्ता म्हणून मला तोकडा वाटतो.

इकडे आलात तर कूलिज यांच्या वडिलांनी १८९० मध्ये इतर शेतकऱ्यांसोबत काढलेल्या कारखान्यातलं चीज जरूर घ्या. आणि हेही ध्यानात असू द्या, की हे अख्खं गाव आज व्हरमाँटचं सरकार जतन करतं. समाजवादी बर्नी सँडर्स यांना सिनेटवर पाठवणारं राज्यही हेच.