कव्हरवर दोन भाषा, मग डिस्कवर कोणती? कॅनडाची डीव्हीडी अशी ओळखा

समजा, टोरांटोला राहणाऱ्या मावशीने तुमच्या आवडत्या हॉलिवूडपटाची ब्लू-रे पाठवली. कव्हर बघता तर इंग्रजी नावाखाली भलतंच फ्रेंच नाव. पहिली शंका हीच येते, की पिक्चर फ्रेंचमध्ये तर नाही ना? जुन्या डिस्क जमवणाऱ्यांची अडचण वेगळी असते. ऑनलाईन 'अमेरिकन एडिशन' म्हणून पैसे भरायचे आणि हातात कॅनडाची प्रत पडायची. परत पाठवायला जावं, तर कुरियरचा खर्चच डिस्कपेक्षा जास्त.

म्हणूनच कॅनडाची आवृत्ती कशी ओळखायची, ते समजून घेऊ.

रिजन कोडवरून कळत नाही का?

नाही. डीव्हीडीसाठी जगाचे वेगवेगळे रिजन पाडलेले आहेत. अमेरिका आणि कॅनडा दोघेही रिजन 1 मध्ये येतात. ब्लू-रेमध्ये दोघांचा रिजन ए. त्यामुळे हा कोड बघून दोन देशांतला फरक कळत नाही.

आपल्यासाठी मात्र तो महत्त्वाचा आहे. भारत डीव्हीडीच्या रिजन 5 मध्ये आणि ब्लू-रेच्या रिजन सीमध्ये येतो. म्हणजे मावशीने पाठवलेली डिस्क फक्त भारतीय रिजन चालवणाऱ्या प्लेयरवर लागणार नाही. '4के अल्ट्रा एचडी' डिस्कला रिजनची अडचण नसते.

मग दोन भाषा कशासाठी?

कॅनडात 1969 च्या कायद्याने इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही अधिकृत भाषा झाल्या. फ्रेंच बोलणारे लोकसंख्येच्या साधारण पाचवा हिस्सा आहेत आणि त्यातले बहुतेक क्वेबेक प्रांतात राहतात. दुकानातल्या पाकिटबंद वस्तूंवरची आवश्यक माहिती दोन्ही भाषांत द्यावी, असा देशाचा नियम आहे. क्वेबेकने 1977 मध्ये स्वतःचा भाषा कायदा केला. वस्तूंवरच्या मजकुरात दुसरी भाषा फ्रेंचपेक्षा ठळक नको, असा त्याचा आग्रह. मराठी पाट्यांचा वाद जवळून पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल.

त्यामुळे एकच कव्हर देशभर चालावं म्हणून कंपन्या दोन्ही भाषांत छपाई करतात. पुढे दोन नावं, मागे दोन भाषांत कथासार. कॅनडाच्या प्रतीची ही पहिली खूण.

फ्रेंच नाव फ्रान्सचं की क्वेबेकचं?

गंमत म्हणजे हे नावावरूनच कळतं. फ्रान्समध्ये इंग्रजी नावं पुष्कळदा तशीच ठेवतात, क्वेबेकमध्ये त्यांचं भाषांतर करतात. 'द मेट्रिक्स' फ्रान्समध्ये 'मात्रिक्स' राहिला, क्वेबेकमध्ये 'ला मात्रीस' झाला. 'टॉय स्टोरी' क्वेबेकमध्ये 'इस्त्वार द जुए', म्हणजे खेळण्यांची गोष्ट. 'द हँगओव्हर'चं तर फ्रान्समध्ये 'व्हेरी बॅड ट्रिप' असं दुसरंच इंग्रजी नाव ठेवलं! क्वेबेकने मात्र त्याचंही फ्रेंच नाव केलं.

डबिंगही वेगळं असतं. क्वेबेकमध्ये डब झालेल्या प्रतीवर कधीकधी 'दुब्ले ओ केबेक', म्हणजे 'क्वेबेकमध्ये डब केलेलं', असा शिक्का दिसतो.

वयाचा शिक्का बघा

ही खूण भाषेपेक्षाही उपयोगी आहे. अमेरिकेत 'पीजी-13' आणि 'आर' असे शिक्के असतात. कॅनडाच्या व्हिडिओंवर '14ए' आणि '18ए' दिसतात. '14ए' म्हणजे 14 वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबत बघावं. कॅनडाचं हे रेटिंग वेगवेगळ्या प्रांतांनी दिलेल्या दर्जांची सरासरी काढून ठरतं. त्यात क्वेबेक नाही. क्वेबेकची पद्धत वेगळी: जी, 13+, 16+, 18+. तिथे विकल्या गेलेल्या प्रतीवर असं छोटं स्टिकर असेल, तर ती प्रत क्वेबेकच्या दुकानातून आली आहे हे नक्की समजा.

कंपनीचं नावही बदलतं

काही चित्रपटांचे कॅनडातले हक्क वेगळ्या कंपनीकडे असतात. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' अमेरिकेत न्यू लाईनने आणला, कॅनडात मात्र डीव्हीडी 'अलायन्स अटलांटिस'ची होती. अशा वेळी डिस्कवरची जादा फीचर्स किंवा ऑडिओ ट्रॅकही वेगळे असू शकतात. त्यामुळे 'पिक्चर तोच, मग डिस्कही तीच' असं गृहीत धरू नका.

आणि बारकोड?

'बारकोडच्या पहिल्या तीन आकड्यांवरून वस्तू कुठल्या देशात बनली ते कळतं' हा मेसेज तुम्हालाही आला असेल. तो चुकीचा आहे. 890 म्हणजे भारत, 754 आणि 755 म्हणजे कॅनडा हे खरं. पण कंपनीने बारकोडची नोंदणी कुठल्या देशातल्या संस्थेकडे केली, एवढंच त्यावरून कळतं. अमेरिकन स्टुडिओच्या कॅनडा आवृत्तीवर अमेरिकन नोंदणीचा बारकोड असू शकतो. मात्र दोन आवृत्त्यांचे पूर्ण नंबर बहुतेकदा वेगळे असतात. म्हणून अख्खा नंबर टाकून शोधा.

सगळ्यात मोठा गैरसमज

कव्हरवर फ्रेंच आहे म्हणजे डिस्कवर फ्रेंच ऑडिओ असेलच, असं नाही. कव्हरवरची भाषा नियमामुळे येते, डिस्कवरची भाषा कंपनी ठरवते. उलट, फक्त इंग्रजी कव्हर असलेल्या कित्येक अमेरिकन डिस्कवरही फ्रेंच ट्रॅक असतो. आणि फ्रेंच कव्हर बघून घाबरूही नका. मूळ इंग्रजी चित्रपट असेल तर इंग्रजी ट्रॅक बहुतेक वेळा असतोच. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ऑडिओ आणि सबटायटलची यादी असते, ती वाचा.

सेकंडहँड डिस्क घेताना आणखी एक काळजी घ्या. कव्हर आणि डिस्कची अदलाबदल झालेली असू शकते. म्हणून विकणाऱ्याकडून तीन फोटो मागा: कव्हरची पुढची बाजू, मागची बाजू आणि खुद्द डिस्क. वयाचा शिक्का, कंपनी, बारकोड आणि ऑडिओची यादी, हे सगळं त्यातच सापडतं. पैसे त्यानंतर पाठवा.