पदवीनंतर नर्सिंग : लवकर येणारे पीक आणि त्याची मशागत



दर अंकात या पानावर आम्ही बेणे, लागण, खते, हुमणी याविषयी चार गोष्टी सांगत असतो. या वेळचा विषय शेतीचा नाही. पण ज्या चुकीमुळे तो लिहावा लागतो आहे ती चूक शेतकी खात्याच्या माणसाने, म्हणजे आम्हीच केलेली आहे, आणि तीही भर मेळाव्यात. म्हणून ती याच पानावर दुरुस्त करणे योग्य वाटते.

तीन वर्षांपूर्वी खोडवा व्यवस्थापनाचा मेळावा झाला. चहापाणी झाल्यावर गोष्टी मुलांच्या शिक्षणावर आल्या. तेव्हा आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले की, आपल्याच एका सभासदाची मुलगी, बी.एस्सी. ॲग्री झालेली, लग्नानंतर अमेरिकेत गेली आणि तिथे पंधरा महिन्यांत नर्सिंगची पदवीधर झाली. "हातात एक पदवी असली की आता चार वर्षं लागत नाहीत," असेही वर बोलून गेलो.

मागच्या रांगेत एक सभासद बसले होते. त्यांची मुलगी त्याच वर्षी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती आणि नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरणार होती. त्यांनी घरी जाऊन सांगितले, "साहेब सांगत हुते, पदवीवाल्याला सव्वा वर्षात नर्सिंग हुतंय. मग चार वर्षं कशाला घालवतीस?" मुलीने अर्ज भरला नाही. सव्वा वर्षाचा कोर्स कुठे आहे म्हणून ती जिल्हाभर चौकशी करीत राहिली. तसा कोर्स आपल्याकडे नाहीच. हे कळेपर्यंत अर्जाची मुदत संपली आणि पोरीचे एक वर्ष गेले.

ऐकीव माहितीवर कोणी चुकीचे औषध फवारले तर आम्ही त्याला बोल लावतो. इथे आम्हीच ऐकीव सांगितले. म्हणून त्यानंतर अमेरिकेतल्या त्या मुलीला फोन करून, ती सुटीवर आली तेव्हा समोर बसून आणि इकडच्या महाविद्यालयांत चौकशी करून जे कळले ते खाली देत आहोत.

हे पीक कुठले?

पदवीधरांसाठी नर्सिंगचा जलद अभ्यासक्रम ही मुख्यतः अमेरिकेतली व्यवस्था आहे. मिसुरी राज्यातील सेंट लुईस विद्यापीठाने तो १९७१ साली सुरू केला. पुढे परिचारिकांची टंचाई भासू लागली तसा तो देशभर पसरला. मुदत ११ ते १८ महिने. म्हणजे आपल्या भाषेत सुरू उसापासून आडसालीपर्यंत.

चार वर्षांचे काम इतक्यात कसे होते? तिथल्या नेहमीच्या चार वर्षांच्या पदवीत पहिली साधारण दोन वर्षे सर्वसाधारण विषय आणि शास्त्राचे पायाभूत विषय असतात. पदवीधराचे सर्वसाधारण विषय झालेलेच असतात, ते जमेस धरतात. मग उरते ते निव्वळ नर्सिंग. खोडवा लागणीपेक्षा लवकर तयार होतो, कारण मुळे जमिनीत आधीच असतात. तसाच हा प्रकार आहे.

पण खोडव्याला खत-पाणी लागत नाही असे समजणाऱ्याचे काय होते ते आपण दर हंगामात वजनकाट्यावर बघतो. इथेही तेच. मुदत कमी केली म्हणून शिकणे कमी केलेले नाही. रुग्णालयात प्रत्यक्ष कामाचे जेवढे तास नेहमीच्या विद्यार्थ्याला तेवढेच या विद्यार्थ्यालाही पुरे करावे लागतात. फक्त मधल्या सुट्या जवळजवळ नसतात.

मशागतीचा हिशोब कोणी सांगत नाही

आमची मोठी चूक इथे झाली. आम्ही पंधरा महिने मोजले ते लागणीपासून. त्याआधीची नांगरट मोजलीच नाही.

प्रवेशासाठी कोणत्याही विषयाची पदवी चालते, पण शरीररचना व शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, आहारशास्त्र यांतील बरेचसे विषय आधी पास झालेले असावे लागतात. काही विद्यापीठे म्हणतात, शास्त्राचे विषय गेल्या पाच-सात वर्षांत झालेले पाहिजेत, जुने चालणार नाहीत. आपल्या सभासदाच्या मुलीला ॲग्रीत सूक्ष्मजीवशास्त्र आणि संख्याशास्त्र होते, पण माणसाची शरीररचना नव्हती. ते आणि आणखी दोन विषय तिने तिथल्या कम्युनिटी कॉलेजात केले. त्यात एक वर्ष गेले. नंतर अर्ज, मुलाखत आणि तुकडी सुरू व्हायची वाट. सगळे धरून अडीच वर्षांच्या वर काळ लागला.

भारतातली पदवी असेल तर विषयवार मूल्यांकन करून घ्यावे लागते. तिची ॲग्रीची पदवी चार वर्षांची, म्हणून अडचण आली नाही. आपल्याकडच्या तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला काही विद्यापीठे पूर्ण पदवी धरत नाहीत. हा मुद्दा पैसे भरण्याआधी विचारावा, नंतर नव्हे. बाहेर शिकलेल्यांना बहुधा इंग्रजीची परीक्षाही द्यावी लागते.

पंधरा महिने कसे गेले?

तिने जे सांगितले ते असे. रुग्णालयाच्या पाळीच्या दिवशी पहाटे साडेचारला उठायचे, सातच्या आत वॉर्डात हजर व्हायचे. पाळी बारा तासांची. बाकीच्या दिवशी वर्ग आणि परीक्षा. औषधशास्त्र, रोगांमुळे शरीरात होणारे बदल, मोठ्या माणसांचे आजार व शस्त्रक्रिया, बाळंतपण, बालरुग्ण, मनोरुग्ण, सार्वजनिक आरोग्य हे विषय एकामागून एक येत राहतात. शिकताना नोकरी करू नका असे विद्यालयच सांगते. एका विषयात नापास झाले तर बहुधा पुढच्या तुकडीची वाट बघावी लागते. तिच्या वर्गातून काहीजण असे मागे राहिले. त्यात आधी बँकेत काम केलेला एक हुशार मुलगाही होता.

औषधाच्या मात्रेची गणिते वेगळी. त्यात काही विद्यालयांत नव्वद टक्क्यांच्या खाली चालत नाही. तिने आमच्यासमोर एक मांडून दाखवले. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचे, तर ताशी १२५ मिलिलिटर. नळीतून एका मिलिलिटरला १५ थेंब पडत असतील तर मिनिटाला ३१ थेंब. आम्ही म्हटले, हे तर आमच्यासारखेच झाले. हेक्टरी १०० किलो नत्र द्यायचे, युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे युरिया २१७ किलो. ती हसली आणि म्हणाली, "होय काका, पण तुमचं चुकलं तर ऊस पिवळा पडतो."

पदवी मिळाली म्हणजे संपले असेही नाही. परवान्यासाठी एनक्लेक्स नावाची परीक्षा असते. ती संगणकावर होते, वेळ पाच तासांचा. २०२३ सालापासून कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न येतात, आणि उत्तर जसे येईल तसा पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड निघतो. ती पास झाल्यावरच परवाना मिळतो. आज ती मुलगी एका रुग्णालयात रात्रपाळीला आहे.

जमीन गहाण टाकण्याआधी

मागल्या महिन्यात गट कार्यालयात एक आबा आले. त्यांची मुलगी नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत असते आणि तिलाही हा अभ्यासक्रम करायचा आहे. आबा म्हणाले, "साहेब, वीस गुंठ्यांवर कर्ज काढतो, पोरगी मार्गी लागंल. काढू का?"

या वेळी आम्ही घाईने उत्तर दिले नाही. आबांना तीन प्रश्न लिहून दिले आणि मुलीला विचारायला सांगितले.

पहिला, शिकून झाल्यावर तिला काम करायची परवानगी आहे का? नवऱ्याच्या कामाच्या व्हिसावर गेलेल्या बायकोला शिकता येते, पण नोकरी करता येतेच असे नाही. नवऱ्याच्या कायम वास्तव्याचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत मंजूर झालेला असेल तर २०१५ च्या नियमाने परवानगी मागता येते. आपल्या सभासदाच्या मुलीकडे ग्रीन कार्ड होते, म्हणून तिला हा प्रश्न पडला नाही. साध्या नर्सच्या नोकरीवर स्वतःचा एच-१बी व्हिसा सहसा मिळत नाही. परवाना हातात आणि काम करता येत नाही, अशी स्थिती येऊ शकते, आणि कर्जाचे हप्ते तर थांबत नाहीत.

दुसरा, एकूण खर्च किती? सरकारी विद्यापीठात स्थानिक रहिवाशाला वीस-तीस हजार डॉलरपासून, तर खासगी ठिकाणी लाख डॉलरच्या घरातही फी जाते. राहणे-खाणे वेगळे. तिथल्या केंद्र सरकारचे विद्यार्थी-कर्ज तिथले नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांच्यासाठी असते, व्हिसावरच्या मुलीला नाही.

तिसरा, कोणते विषय आधी पास व्हावे लागतील आणि त्याला किती महिने व किती पैसे लागतील?

आबा कागद घडी घालून घेऊन गेले. उत्तरे आली की पुन्हा येणार आहेत. कर्ज काढायचे की नाही हे त्यांनीच ठरवायचे, पण ठरवण्याआधी आकडे समोर असावेत.

आपल्या मुला-मुलींसाठी इथे काय?

इथे नर्सिंगचे मार्ग ठरलेले आहेत. ए.एन.एम. दोन वर्षे, जी.एन.एम. तीन वर्षे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षे. जी.एन.एम. झालेल्यांना पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. दुसऱ्या विषयाची पदवी असली तरी एकही वर्ष कमी होत नाही, पहिल्या वर्षापासूनच बसावे लागते. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. म्हणून बारावीला जीवशास्त्र सोडण्याआधी घरात एकदा विचार करावा. जी.एन.एम.ला इतर शाखांची वाटही मोकळी असते. महाविद्यालयाला मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे तपासावे. आणि "पदवीधरांना एका वर्षात नर्सची पदवी" अशी जाहिरात जवळपास कुठे दिसली तर तिकडे वळू नये. तसल्या कागदावर नोंदणी होत नाही.

राहता राहिली ती मुलगी, जिचे वर्ष आमच्यामुळे गेले. पुढच्या वर्षी तिने प्रवेश परीक्षा दिली आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला बसली. वर्गातल्या मुली तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तिला ताई म्हणतात. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत त्यांचा खोडवा बघायला आम्ही गेलो होतो. वडील नेहमीसारखेच बोलले, मागचे काही काढले नाही. आम्हीच विषय काढला आणि चूक कबूल केली.

मुलगी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "गेलं ते गेलं साहेब. पण तुम्ही सांगितलेलं लोक खरं धरतात. पुढच्या वेळी आधी विचारून सांगा."

हा लेख म्हणजे तिने सांगितलेले पाळण्याचा प्रयत्न आहे. ज्यांच्या घरी असा विचार चालू आहे त्यांनी गट कार्यालयात जरूर यावे. जे ठाऊक आहे ते सांगू, जे नाही ते विचारून सांगू.



आपला,
ऊस विकास अधिकारी