पुण्यातली कॉट : ऐकीव किती, खरं किती

धडगाव, अक्कलकुवा, नवापूरकडची मुलं बारावी झाली की पुण्याची वाट धरतात. शहाद्याहून रात्रीची गाडी, सोबत बॅग, घरची लाल मिरची, धडगावचा आमचूर आणि आधी गेलेल्या पोरांनी दिलेले सल्ले. मिरची अस्सल असते. सल्ले मात्र पारखून घ्यावे लागतात.

‘को-लिव्हिंग’ म्हणजे आयटीवाल्यांचं नवं खूळ, हा त्यातला सर्वांत निरुपद्रवी समज. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावचे चाकरमानी एकाच खोलीत राहायचे, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायचे आणि खानावळीत जेवायचे. अशा खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सदाशिव-नारायण पेठेतली ‘कॉट बेसिस’ त्याच वळणाची. आताच्या कंपन्या त्यात वायफाय, धुलाई आणि अ‍ॅप घालतात आणि भाडं चढवतात.

दुसरा समज शहरातल्यांचा आहे आणि तो बोचतो. वळवी, पाडवी, वसावे, पावरा असं आडनाव ऐकलं की कुणीतरी म्हणतंच, ‘‘तुम्हाला काय, सरकार सगळं फुकट देतं.’’ सगळ्यांना वसतिगृहात जागा मिळत नाही. ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी आदिवासी विकास विभागाने २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू केली. पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी योजनेत ठरलेली रक्कम वर्षाला ६०,००० रुपये : जेवणाला ३२,०००, राहण्याला २०,००० आणि निर्वाहाला ८,०००. म्हणजे राहण्यासाठी महिन्याला साधारण १,६६६ रुपये. एवढ्यात पुण्यात कॉट शोधून दाखवावी. शिवाय पैसे हप्त्याने खात्यात येतात, आणि घरमालक भाडं दर महिन्याला मागतो. २०१८ साली वसतिगृहांतली मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा हीच मुलं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. भुकेची वेळ आणि हप्त्याची तारीख जुळत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

आता खरा घोळ. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरी केली की झालं,’ असं एजंट छातीठोकपणे सांगतो. इतर काही राज्यांत हे चालत असेल, महाराष्ट्रात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून कामाची गोष्ट पुढे आहे : नोंदलेला करार नसेल, तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं ठरवायचं तर पुरावा घरमालकाने द्यायचा. म्हणजे कागद नसल्याचा धाक पोरांना घातला जातो, पण कायद्याने घाबरायचं घरमालकाने.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘‘हे पीजी आहे, इथे करार नसतो.’’ याच कायद्याच्या कलम ७ मध्ये पेइंग गेस्टची व्याख्या आहे : मालक स्वतः ज्या जागेत राहतो, तिचा काही भाग ज्याला वापरायला दिला तो. मालकीणबाई पुढच्या खोलीत आणि मुलगी मागच्या खोलीत, तर ते पीजी. मालक बाणेरला, फ्लॅट कर्वेनगरला आणि आत दोन-दोन मजली लोखंडी कॉटवर बारा मुलं, तर बाहेर ‘पीजी’ची पाटी लावून ते पीजी होत नाही.

सोसायटीच्या परवानगीचंही तसंच. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. सभासदाने आधी कळवायचं असतं. ‘बॅचलर नको’ हा बहुतेक वेळा सेक्रेटरीचा स्वभाव असतो, नियम नव्हे. पोलीस पडताळणीचा अर्थही परवाना असा नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं हे मालकाचं काम आहे, त्याचे वेगळे पैसे मागितले तर कसले ते विचारावं.

आणि जीएसटी. हॉस्टेलच्या भाड्यावर १२ टक्के लागतो, ही बातमी २०२३ मध्ये फिरली आणि काही ठिकाणी अजून पावतीत दिसते. जुलै २०२४ पासून माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासावर हा कर नाही. आपल्याकडच्या मुलांचं भाडं त्या मर्यादेच्या आसपासही जात नाही.

डिपॉझिट मात्र ऑनलाइनच द्यावं, आणि पैसे पाठवताना कारणाच्या रकान्यात ‘डिपॉझिट’ असं लिहावं. परत मागायची वेळ आली की तेवढी एक ओळ एजंटच्या सगळ्या तोंडी वायद्यांना पुरून उरते.