एनव्हीडीएची ‘एक खिडकी योजना’

सरकारी कचेरीतली ‘एक खिडकी योजना’ अर्जदाराच्या कामी येते ती खिडकीमागच्या टेबलांचा एकमेकांशी मेळ असेल तरच. दृष्टिहीनांच्या संगणकावरल्या सेटिंग्जचा गेल्या दोन दशकांचा प्रवास पाहिला, तर तिथेही हाच निकष लावावा लागतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन प्रोग्रामरने 2006 मध्ये विंडोजसाठी एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर लिहायला घेतला. पुढे सोयी वाढत गेल्या, तसे आवाज, ब्रेल, कीबोर्ड, माउस असे सुटे डायलॉग बॉक्स मेनूत जमा झाले. एक उघडा असेपर्यंत दुसरा उघडत नसे. आवाजाचा वेग कमी करून लगेच टाइप केलेली अक्षरं बोलणं बंद करायचं, तर ओके, पुन्हा मेनू, पुन्हा प्रेफरन्सेस असा फेरा पडे. डोळस माणूस मेनूवरून नजर फिरवून मोकळा होतो. ऐकणाऱ्याला नावं एकामागून एकच ऐकावी लागतात.

2018 मध्ये हे बहुतेक डायलॉग एका खिडकीत वेगवेगळे वर्ग म्हणून आले. वर्गांच्या यादीत पहिलं अक्षर दाबून हव्या त्या वर्गावर जाता येऊ लागलं, कंट्रोल-टॅबने वर्ग बदलू लागला, आणि ‘अप्लाय’मुळे खिडकी बंद न करता बदल तपासता येऊ लागला. मात्र मला त्याहून मोलाची वाटते ती शीर्षकपट्टी. 2013 पासून एनव्हीडीएत वेगवेगळ्या कामांसाठी वेगळी प्रोफाइल्स ठेवता येतात. आपण करतो तो बदल त्यांपैकी कोणत्या प्रोफाइलमध्ये साठणार, ते शीर्षकपट्टी बोलून सांगते.

एवढी मोठी खिडकी ऐकणाऱ्याला जड जाते, हा आक्षेप खोटा नाही. पण जवळच्या वाटा बुजवलेल्या नाहीत. एनव्हीडीए-कंट्रोल-व्ही ही जुनी कळ आजही थेट आवाजाच्या वर्गात नेते, आणि वाचता वाचता वेग बदलायला एनव्हीडीए व कंट्रोलसोबत बाणाच्या कळा पुरतात. खिडकी उघडावीच लागत नाही. मग उच्चारांचे शब्दकोश आणि कळांची मांडणी अजून बाहेर का, असंही कुणी विचारेल. त्या भरत-खोडत राहायच्या याद्या आहेत, त्यांना स्वतंत्र जागाच शोभते. एकत्रीकरणाच्या हौसेपोटी त्या आत कोंबल्या असत्या, तर गोंधळच वाढला असता.

उलट उदाहरण खुद्द विंडोजचं. विंडोज 10 मध्ये नव्या ‘सेटिंग्ज’मधली आवाजांची यादी वेगळी, जुन्या कंट्रोल पॅनलमधली वेगळी, पहिलीतले सगळे आवाज दुसरीत दिसतातच असं नाही. विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर नॅरेटर आणि एनव्हीडीए यांचे वेग वेगळे असणं समजू शकतं, कारण ते दोन स्वतंत्र प्रोग्राम आहेत. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीक या कृत्रिम आवाजावर मराठी ऐकणाऱ्याने त्याचा वेग एनव्हीडीएतच ठरवावा, हे रास्तच. पण एकाच प्रणालीने आवाजांच्या दोन वह्या ठेवाव्यात, याचं समर्थन करणं कठीण आहे. खिडक्या किती, हा प्रश्न दुय्यम आहे. प्रत्येक निवडीची नोंद एकाच जागी असावी आणि ती जागा कोणती हे ऐकू यावं, एवढं साधलं तरच एकत्रीकरण झालं म्हणायचं.