चार मिनिटांचा धीर

विलेपार्ल्याच्या पूर्वेस विमानतळ आणि पश्चिमेस जुहूचा समुद्र. पेट्रोलच्या इंजिनाने हवेत आणि पाण्यावर माणसाची जी सोय केली, ती या उपनगराच्या दोन्ही अंगांना नांदते आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या विमानातूनच. परंतु विमानाच्या इंजिनावरून वारा सतत वाहत असतो. नौकेचे इंजिन पुष्कळदा बंद पोटात दडलेले असते. एवढ्या एका फरकामुळे तेच इंधन नौकेत कितीतरी अधिक दगलबाज ठरते.

वेसावे आणि जुहू येथील मच्छीमारांच्या मोठ्या यांत्रिक नौका डिझेलवर चालतात. नेहमीच्या तपमानात डिझेल सहजी पेट घेण्याइतकी वाफ देत नाही. सहलीच्या काही वेगवान बोटींत आणि खासगी नौकांत मात्र पेट्रोलचे इंजिन असते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही ठिणगीने पेटू शकते. मग मुंबईच्या तीस-बत्तीस अंशांच्या उकाड्याची गोष्टच नको.

ही वाफ जाते कोठे, हा खरा प्रश्न आहे. पार्ल्यातील अनेक स्वयंपाकघरांत आता नळाने गॅस येतो. तो हवेपेक्षा हलका असल्याने छताकडे जातो. सिलिंडरमधील गॅस जड. तो फरशीवर पसरतो. पेट्रोलची वाफ या दुसऱ्या जातीची, हवेच्या तिप्पट-चौपट जड आहे. मोटारीत गळती झाली तर वाफ खालच्या फटींतून रस्त्यावर उतरते आणि विरून जाते. नौकेला अशी फट असून चालत नाही. जी नौका पाणी आत येऊ देत नाही, ती वाफही खालून बाहेर जाऊ देत नाही. हवेत या वाफेचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्के झाले की एक ठिणगी पुरते. आणि किल्ली फिरवताच स्टार्टरमध्ये ठिणगी उडण्याचा संभव असतोच.

इंजिनावरचे झाकण क्षणभर उघडले की वाफ निघून जाते, ही समजूत म्हणूनच घातक होय. तळाशी बसलेली वाफ वरून उघडल्याने हटत नाही. तिला तळापासून ओढून काढावे लागते. त्यासाठी दोन नळ्या लागतात. एकीतून ताजी हवा आत येते. दुसरीचे तोंड इंजिनाच्या कप्प्याच्या खालच्या तिसऱ्या भागात, पण तळाशी साचणाऱ्या पाण्याच्या वर ठेवलेले असते. तिला जोडलेला विजेचा पंखा वाफ खेचून बाहेर टाकतो. तोंड पाण्यात बुडाले किंवा चिंध्या-दोरखंडांनी बुजले, तर पंखा फिरतो, आवाज करतो आणि काम मात्र काहीच करीत नाही.

अमेरिकेत १९४० च्या मोटारबोट कायद्याने वायुवीजनाची सक्ती केली. पुढे तेथील नियमांनी अशा पंख्याबरोबर एक सूचनाफलकही आवश्यक ठरवला : इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे पंखा चालवा आणि तळाशी पेट्रोलची वाफ नाही ना, हे पाहा. यातील दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा. पंखा वाफ काढतो, सांडलेले पेट्रोल काढीत नाही. म्हणून झाकण उघडून खाली वाकून वास घ्यावा. वास आला तर किल्ली फिरवू नये, दुसरे कोणतेही बटण दाबू नये. उतारूंना उतरवावे आणि गळती शोधावी. पेट्रोल भरताना उतारू धक्क्यावर आणि झाकणे बंद असावीत. भरून झाल्यावर ती उघडून पंखा लावावा. सावकाश चालताना, म्हणजे बाहेरचा वारा अपुरा पडतो तेव्हाही, पंखा चालू राहिलेला बरा.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक निमित्त असते. पावसाळ्यात नौका महिनोन् महिने उभ्या राहतात. या काळात रबरी नळ्यांना चिरा पडतात, हवेच्या नळीत कुंभारीण माशी घर बांधते. त्यामुळे हंगामातील पहिली किल्ली ही सर्वांत जोखमीची. दुरुस्तीच्या वेळी मोटारीचा स्टार्टर किंवा डायनामो स्वस्तात बसवण्याचा मोहही तितकाच वाईट. नौकेसाठीचे हे भाग ठिणगी बाहेर जाऊ नये अशा रीतीने मुद्दाम घडवलेले असतात.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, आणि जीवरक्षक जाकिटांची चर्चा घरोघर झाली. त्या दुर्घटनेचा पेट्रोलच्या वाफेशी संबंध नव्हता; पण अपघातानंतर जे डोळ्यांना दिसते त्याचीच चर्चा होते, हे तिने दाखवले. जाकीट दिसते, गर्दी दिसते. तळाशी साचलेली वाफ दिसत नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, महाराष्ट्र सागरी मंडळ १९९६ पासून आहे. तरीही किल्लीवर हात ठेवणारा माणूस चार मिनिटे थांबतो की नाही, हे कोणताही कायदा रोज पाहू शकत नाही.

म्हणून पेट्रोलवर चालणाऱ्या प्रत्येक बोटीत किल्लीशेजारी ही सूचना ठळक मराठीत असावी, आणि तपासनिसाने पंखा फिरतो एवढेच न पाहता बाहेरच्या तोंडाशी हात धरून हवा येते का, हे पाहावे. मुलांची सहल बोटीत बसवण्यापूर्वी शिक्षकाने जाकिटे मोजावीतच. पण पंखा चार मिनिटे चालला का, हेही नावाड्याला विचारावे. उतारू विचारतात असे दिसले की नावाडीही थांबू लागतो.